जुना व्हिडिओ गेम बोलू लागला

टीव्ही दुरुस्त करण्यात ताईंची हयात गेली. धाकट्या भावाची दृष्टी गेली, तेव्हा त्यांनी माळ्यावरून दोघांचा लहानपणीचा व्हिडिओ गेम खाली काढला. त्या यंत्राला नुसतं टुकटुक करता येई. ताईंनी गेमची कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायची डबी, उघडून आत जादा मेमरी आणि आवाजाची चिप जोडायला घेतली. सात महिने काही जमेना.

"अगं, त्या डब्याचा जीव तो केवढा!" नवरा म्हणाला.

"म्हणून तर कार्ट्रिजमधून जोर देतेय."

अखेर एका रविवारी दुपारी यंत्र खणखणीत बोललं, "पुढे खड्डा. उडी मार!"

भावाने बटण दाबलं. एकामागून एक अकरा खड्डे त्याने नुसत्या कानांच्या भरवशावर पार केले.

"ताई, आता तू डोळे मिटून खेळ बघू!"

ताई तिसऱ्याच खड्ड्यात पडल्या आणि भावाच्या हसण्याने घर दणाणलं.