गाडीपाशी कोण थांबणार?

आमच्या यांना कन्याकुमारी पाठ आहे. तीस वर्षं टुरिस्ट बस चालवली, नऊ वेळा तिथं जाऊन आले. एकदा सहज विचारलं, समुद्र कसा आहे हो? तर म्हणे, "पार्किंग मोठी आहे. चहा बरा भेटते." प्रवासी फिरायला उतरले की ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही, हा यांचा नेम. नऊदा जाऊन समुद्र पाहिलाच नाही! मी कपाळावर हात मारला. रिटायर झाल्यावर पहिली अट घातली: दोघांनी मिळून समुद्र पाहायचा.

सक्करदऱ्याहून आमच्या कारनं पहाटे पाचला निघालो. रस्ता चुकायची भीतीच नाही. चव्वेचाळीस नंबरचा हायवे आपल्या नागपुरातून जातो आणि थेट कन्याकुमारीला संपतो. फास्टॅग भरून ठेवा, पाण्याचा कॅन घ्या. खोल्या हायवेलगत हजार-बाराशेत मिळाल्या, स्वच्छ होत्या. माझा ठेचा अनंतपूरपर्यंत पुरला, पुढं सांबारावर भागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादला गोवळकोंडा. गाडी लावली आणि हे सीट मागं करून आडवे.

"पाहून ये वं तू. मी गाडीपाशी आहो."

"इथं कोण चोरून राहिलं तुमची गाडी?"

"सवय आहे."

त्या किल्ल्यात दरवाज्यात टाळी वाजवली की वरपर्यंत ऐकू जाते. पण वाजवायला खाली एक आणि ऐकायला वर एक लागतो ना! माझा एक पार्किंगमध्ये घोरत होता. लेपाक्षीला तेच. तिथं एक खांब जमिनीला टेकत नाही, खालून कापड सरकवून बघतात. माझ्या ओढणीचं दुसरं टोक एका अनोळखी बाईनं धरलं. हसली बिचारी, पण मला मनातून फार वाईट वाटलं. मदुराईत तर मी रुसलेच. देऊळही एकटीनंच पाहिलं, इडल्या वेगळ्या टेबलावर बसून खाल्ल्या. हे आपले टायरची हवा बघत बसले.

पाचव्या दिवशी कन्याकुमारीला पोचलो तेव्हा सूर्य बुडायला अर्धा तास होता. यांनी सवयीनं गाडी उलटी लावली, तोंड रस्त्याकडं. मी सीटवरून हललेच नाही.

"आज गाडीपाशी मी. तुम्ही जा, पाहून या, अन् मले सांगा."

"काहून? घरापासून तूच समुद्र समुद्र करून राहिली होती."

"मग गाडी कोण सांभाळते?"

हँडब्रेक पुन्हा एकदा ओढून पाहिला. मग गेले. खरं सांगते, मी सारखी घड्याळ बघत होते. इतक्या लांब येऊन मीच पार्किंगमध्ये! दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. उजेड पिवळा पडायला लागला. हे परत आलेच नाहीत तर माझा समुद्र गेलाच की.

आणि पळत आले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वळलेली, चपला हातात.

"अवं, बसून काहून राहिली? चाल लवकर. काठच नाही वं त्याले."

हात धरून ओढतच नेलं. सूर्य निम्मा उरला होता. आम्ही पाण्यात पाय घालून उभे राहिलो. मी रडले, तेही सांगून टाकते.

परतलो तर काच उघडी, चावी गाडीतच! तीस वर्षांच्या नेमात हे पहिल्यांदाच. शेजारी छिंदवाड्याची बस उभी होती. पिकल्या मिशांचे ड्रायव्हर खिडकीतून म्हणाले, "चाबी गाड़ी में ही थी. मैं देख रहा था."

यांनी हात जोडले. मग विचारलं, "आपने देखा समुंदर?"

"छह बार आया हूँ. पर गाड़ी कैसे छोड़ूँ?"

"जाओ भैया, अभी उजाला है. बस के पास हम दोनों रुकते हैं."

ते आधी नको नको म्हणाले. मग निघाले, आणि कोपऱ्यापर्यंत दोनदा वळून बसकडं पाहिलं.

घरी येऊन आता महिना झाला. मोबाइलमधल्या सगळ्या फोटोंत मी एकटी. आम्ही दोघं असलेला एकच, तो त्या बसला टेकून उभे असताना, परत आलेल्या त्या ड्रायव्हरनं काढलेला. समुद्राचा एकही नाही, मोबाइल गाडीतच राहिला होता.

परवा सक्करदरा तलावाजवळ भाजी घ्यायला थांबलो. पिशवी काढून वळले, तर हे माझ्याआधीच काठावर.

"अहो, गाडी?"

"राहील ना तिथंच," म्हणाले. "तू ये इकडं."