चिनी राणीचा कागदी झगा

आमच्या आखाडा बाळापूरच्या कॉलेजात काम एक निघतं आणि किस्से पोतंभर जमतात. यंदा कागदी पेहरावांची स्पर्धा निघाली, विषय चिनी वारसा. म्हणजे विचारूच नका! मी होम सायन्स शिकवते, त्यामुळे सगळं माझ्याच गळ्यात. माझी विद्यार्थिनी वंदना, तांड्यावरची, चिनी राणीचा झगा करत होती. ढगांच्या आकाराची कॉलर, खांद्यावर पियोनीचं टपोरं फूल. कॉलेजातून एकच पेहराव नांदेडला जाणार होता आणि तो आपलाच असावा म्हणून पोरगी जीव तोडून राबत होती.

*

प्राचार्यांना धास्ती वेगळीच. "पत्रिकेत चीन काहून लिहिलं? उगा तकलीफ! 'शेजारी देश' लिहा." लिहिलं. उद्घाटनाला संस्थेच्या सचिवांनी पत्रिका वाचली आणि अर्धा तास नेपाळवर बोलले. टाळ्याही पडल्या!

*

कागद मागितला तर ऑफिसनं जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेकवला. वंदनानं त्याच्याच बारीक घड्या घालून झगा उभा केला. ट्रायलला फिजिक्सचे सर झग्याला नाक लावून वाचत उभे! शेवटी म्हणाले, "हा भोपळा मी दिलेला न्हाई."

*

इतिहासाच्या मॅडम त्याहून थोर. झग्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, कॉलर चिमटीत धरून पाहिली आणि तोंड वाकडं करून विचारलं, "छान आहे गं, पण धुवायचा कसा?"

*

आता स्पर्धेचं ऐका. प्रमुख पाहुणे म्हणजे प्राचार्यांचे व्याही. ते येईनात, म्हणून स्टाफनं तोवर एकमेकांचे सत्कार उरकले. पाहुणे आले तेव्हा गुच्छ संपलेले! वंदना झगा घालून स्टेजवर उभीच होती. प्राचार्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तिच्या खांद्यावरचं फूल खटकन तोडलं आणि व्याह्यांच्या हातात दिलं. वर म्हणतात, "टाळ्या!"

मला असा संताप आला! समोर नांदेडच्या परीक्षक बाई पेन उघडून बसलेल्या.

वंदना रडली नाही. पाहुण्यांचं मनगट धरून तिनं त्यांना शेजारी ओढलं आणि फुलासकट हात स्वतःच्या खांद्याजवळ नेला. "सर, मार्क देऊन होईतो असंच धरा. हलू नका, पाकळी मोडून राहिली!"

पाहुणे शाल पांघरून, हात वर करून, ताठ उभे.

परीक्षक बाई वर आल्या. झगा पाहिला, फूल पाहिलं, मग पाहुण्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि हे कोण?"

"कोणी न्हाई मॅडम," वंदना म्हणाली, "टेकू हाय."