पत्रपेटीवरचं ‘नको’

काल दारावरचं जुनं स्टिकर गरम पाण्याने सोडवलं आणि डिंकाच्या वासाने मला आइंडहोवन या डच शहरातल्या आमच्या पहिल्या घरात नेलं. राहण्याच्या परवान्याची मुदत वाढली की नाही, ते टपालानेच कळणार होतं. पोस्टमनची सायकल न थांबता पुढे गेली की ती दिसेनाशी होईपर्यंत मी दाराआडून बघत राहायचो. त्यात जाहिराती नकोत म्हणून मीच पत्रपेटीवर, म्हणजे दारातल्या टपालाच्या फटीवर, ‘नको’चं स्टिकर लावलेलं.

“अहो, ते बघून सरकारी पत्रही परत नेलं असेल,” बायको म्हणाली.

“पोस्टमनला तेवढं कळतं,” मी खेकसलो आणि ती आत जाताच नखांनी स्टिकर खरवडू लागलो. घरमालकाशी घासाघीस करता यायची. दारातल्या फटीशी काय बोलणार?

परवाना मिळाला. पण वेळेवर कर भरणाऱ्या माणसाला या देशाने स्वतःच्याच दाराआड घाबरून उभं केलं, ते मी अजून माफ केलेलं नाही.