आईचा आवाज

मलकापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. लाइन गेली, घरचा कॉम्प्युटर मध्येच बंद पडला आणि त्यातली आईची रेकॉर्डिंगं नाहीशी झाली. आई तर आधीच गेली होती. आवाज तेवढा उरला होता.

"फाइलींचे नावं गेले भाऊ," तो म्हणाला, "पन आवाज असन तं सापडन."

दुपारभर तो एकेक निनावी फाइल लावून पाहत होता. बाळ झोपलं का बघावं, तसा हळूच स्पीकरला कान लावायचा. नुसती खरखर यायची. तो मान हलवून पुढची लावायचा. त्याचा जेवणाचा डबा शेजारी तसाच बंद होता.

अचानक आई बोलली, "जेवला काय रे बाप्पा?"

"हाव माय, जेवलो," स्क्रीनवरची नजर न काढता तो बोलून गेला.

मग दचकून त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझे डोळे भरले होते. त्यानं रुमालानं हात पुसले, डबा उघडला आणि अर्धी भाकर माझ्यापुढं सरकवली.

"चाला भाऊ, जेवून घेऊ. मायले हाव म्हनून बसलो."