लाखेची मोहोर आणि माझी काड्यापेटी

मंडळी, सकाळचा प्रसंग डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

मांडवी बंदरावरून चिपळूणला निघायच्या बेतात असलेल्या लॉरीत मी, एक शाळामास्तर, ड्रायव्हर दत्तारामशेजारी बसलो होतो. मागे लॉरीच्या फळ्यांनी बंद केलेल्या हौद्यात विहिरींसाठी सुरुंगाची दारू, दाराला लाखेची मोहोर. तरी हा गडी खाली उतरला, गाडी खांद्याने हलवून फळीला कान लावला.

"आत काहीतरी सरकतंय," म्हणाला आणि सरळ मोहोर फोडली!

बंदरावरचा कारकून ओरडला, "नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे. निवळीच्या घाटात हे मास्तर जिवानिशी जायला नकोत."

वहाणांच्या खिळ्यांची ठिणगी नको म्हणून तो अनवाणी आत शिरला. दारूच्या पेट्यांवर लोखंडी पहारी मोकळ्याच पडल्या होत्या. त्या त्याने बाहेर काढल्या, पेट्यांमध्ये पेंढा कोंबला, काथ्याने सगळं आवळलं. पुन्हा गाडी हलवली. आता आवाज नाही.

आणि मी? मी उशीर होतोय म्हणून त्याच्यावर खेकसत होतो.

चिपळूणला उतरताना त्याने खिशातून माझी काड्यापेटी काढून दिली. निघताना मी ती सीटवर ठेवली होती. त्याने कधी उचलली, मला कळलंच नाही.

तुमची काड्यापेटी अशी कोणी गुपचूप उचलून ठेवली होती का कधी?