न्हाणीसमोरचा वेलगुलाब

सखाराम मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, काकी एका बाजूने बोलते. हो, एका बाजूनेच बोलते. ज्यांना दोन्ही बाजूंनी बोलायची हौस असेल त्यांनी त्याच्या पडवीत जाऊन चहा प्यावा. चहा चांगला असतो त्यांच्याकडे.

पण ही गोष्ट गोदाची आहे. गोदा माझी शेजारीण. मंडणगडच्या डोंगरातली. लग्न होऊन इथे रत्नागिरीजवळ आली तेव्हा आमच्या वाडीतल्या बायकांनी नाकं मुरडली, हिला बांगडासुद्धा धड साफ करता येत नाही म्हणून. नवरा लवू बोटीवर खलाशी. वर्षातले बहुतेक महिने समुद्रावर, घरी आला की पत्ते आणि झोप. माणूस मात्र सोन्यासारखा. त्याला कावीळ झाली आणि बघता बघता आटोपला. लेक सानिका मुंबईला नर्स. मागे उरली गोदा, अंगणवाडीत मदतनीस. दुसऱ्यांच्या पोरांची खिचडी शिजवायची आणि त्यांची नाकं पुसायची.

सखाराम हा लवूचा थोरला भाऊ. दोघांची घरं एकाच अंगणात, समोरासमोर. जमिनीची वाटणी झालेली नाही. आणि गोदाची न्हाणी घराबाहेर. चिऱ्याची, वर पत्रा, पुढे छातीएवढं फळ्यांचं दार. खेड्यात अशा न्हाण्या असतात, त्यात नवल नाही. समोरच्याने मान फिरवायची असते, एवढंच.

लवू गेला आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आत सखारामाची खुर्ची हलली. आधी ती पडवीत रस्त्याकडे तोंड करून असायची, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायला. ती फिरली न्हाणीकडे. सकाळी गोदाने पाणी तापवायला चूल पेटवली की हा मेला बनियनवर हजर. एक पाय कठड्यावर, तळहातावर तंबाखू. कानात काडी घालायची, बाहेर काढून हुंगायची. शी! सांगतानाही अंगावर काटा येतो. आणि बघत बसायचं. ती आत गेली की दाराकडे, केस पुसत बाहेर आली की तिच्याकडे. पावसात पायाला जळू लागते ना, ओढून काढली तरी ती जागा दिवसभर वाहत राहते. तशी त्याची नजर होती.

वाडीला ठाऊक नव्हतं असं नाही. डोळे सगळ्यांना आहेत. पण सखाराम म्हणजे बडं प्रस्थ. कातळावर हापूसची एवढी मोठी बाग, देवळाच्या कमिटीत पुढची जागा, कुणाकडे मयत झालं तर लाकडं ह्याच्याकडची. मग बायका म्हणायच्या, "थोरला दीर म्हणजे बापाच्या जागी गो." मला ह्या वाक्याची किळस आहे. जिथे बाईने तोंड उघडायला हवं तिथे नेमकं हे वाक्य पुढे करतात.

गोदाने आधी जुनी साडी दोरीवर टाकून आडोसा केला. ती ह्याने स्वतः काढून घडी घालून तिच्या पायरीवर ठेवली. "पाव्हणे येतात, अंगणाचा धोबीघाट कशाला?" मग तिने अर्ध्या भिंतीची गोष्ट काढली. तेव्हा तर त्याने चार माणसांसमोर डोळ्यांत पाणी आणलं. म्हणाला, "लवू गेला म्हणून भावाभावांत भिंत घालायची? मी जिता आहे तोवर ह्या अंगणात भिंत उभी राहायची नाही!" आणि आमची माणसं माना डोलावतात! काय भाऊ, काय प्रेम! मला तिथेच ओकारी यायची बाकी राहिली होती.

त्यानंतर एके दिवशी ही बाई रिक्षातून उतरली ती मांडीवर गुलाबाचं रोप घेऊन. वेलगुलाब. हातखंब्याच्या पुढच्या नर्सरीतून आणलेला.

मी म्हटलं, "गोदा, तुला ह्या वेळेला फुलं सुचतायत?"

ती हळूच म्हणाली, "काकी, साडी काढता येते, भिंत नको म्हणता येते. फुलझाडाला कोण हात लावील? आणि फुलं त्यांच्याच देव्हाऱ्यात जायला लागली तर?"

मी रोप तिच्या हातातून उतरवून घेतलं.

"नर्सरीवाल्याला पुन्हा पुन्हा विचारलं मी," ती म्हणाली, "एकदाच फुलतो की सारखा फुलतो? एकदा फुलून गप्प बसणारा मला नको. फुलं थांबली की कोयता येईल."

तेव्हा मला कळलं, जिला बांगडा साफ करता येत नाही म्हणून हसलो, ती आम्हा सगळ्यांना विकून खाईल.

आमच्याकडे गुलाब लावणं म्हणजे सोपं नाही. वीतभर माती, खाली जांभा दगड. दोघींनी पहार घेऊन खड्डा खणला, हाताला फोड आले. मळ्यातली माती घातली, शेण घातलं आणि खताला सुक्या मासळीची कुटी, म्हणजे चुरा. त्या कुटीचा वास चार घरांत शिरला. सखाराम नाकाला पंचा लावून आत गेला आणि काही दिवस खुर्ची रिकामी राहिली. मी गोदाला म्हटलं, "अजून एक पोतं आणूया." आम्ही दोघी खूप दिवसांनी हसलो.

न्हाणीसमोर बांबूची उंच ताटी उभी केली, अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. फांदी वाढली की गोदा ती सरळ वर जाऊ देत नसे. जुन्या साडीच्या चिंध्यांनी आडवी बांधायची. आडवी बांधली की प्रत्येक पेऱ्याला फूट येते, फुलंही जास्त आणि झाकणही दाट. बहर ओसरला की सुकलेली फुलं निरोगी पानापर्यंत छाटायची, मग थोड्या दिवसांनी पुन्हा कळ्या. पावसात पानांवर काळे डाग पडायचे, गोगलगायी कोवळे शेंडे खायच्या. त्या बुळबुळीत गोगलगायी ती हाताने वेचायची आणि मिठाच्या पाण्यात टाकायची. मला बघवत नसे. तिला काही वाटत नसे. म्हणायची, "ह्यांची किळस कसली काकी? ह्यांना पोट आहे, खातात."

फुलं गुलाबी, भरगच्च, वासाची. रोज सकाळी गोदा ती खुडून सखारामाच्या बायकोला, सावित्रीला, नेऊन द्यायची. सावित्री कमी बोलणारी, सदा सुपात काहीतरी निवडत बसलेली. ती नवऱ्याला चहा द्यायची तो त्याच खुर्चीपाशी नेऊन, आणि फुलं घ्यायची ती मान खाली घालून. सखाराम वाडीभर सांगत फिरायचा, "आमच्या देवाला बारा महिने घरचा गुलाब!" एकदा देवाचा झाल्यावर गुलाब तोडायची छाती कुणाची होणार?

दुसरा पावसाळा लागला तेव्हा वेल खांद्यापर्यंत चढली होती. खालून सगळं गच्च. काटे असे की मांजर पलीकडे जाईना. आता फक्त तोंडाएवढी पट्टी उघडी होती. नेमकी तोंडाएवढी! पण नवे शेंडे जोरात होते. गोदा म्हणाली, "दिवाळीला झाकलं जाईल बघा." त्या दिवसांत ती गुणगुणत भांडी घासायची. तिला गाता येतं हे मला तेव्हा कळलं.

श्रावणात तिची आत्या वारली म्हणून ती मंडणगडला गेली. परत आली त्या दिवशी सखाराम अंगणातच उभा होता. म्हणाला, "गोदा, बागेत कलमांना औषध घालत होतो, तुझ्या गुलाबालाही दिलं हो. बघ आता कसा फुलतो! देवाला फुलं कमी पडायची नाहीत."

तिला वाटलं खत असेल. बिचारी "बरं झालं भावजी" म्हणाली.

मी गेले ते आधी मुळाशी बघितलं. बुंध्याभोवती गोल उकरलेलं, वर माती दाबलेली. रत्नागिरीच्या माणसाला ते आळं ओळखायला शिकवावं लागत नाही. आंब्याला मोहोर यावा म्हणून पावसाळ्यात मुळाशी जे औषध घालतात ते. माझ्या परसात आंब्याची चार कलमं आहेत, मला त्याचे गुण ठाऊक आहेत. ते झाडाची वाढ थांबवतं. पालवी बंद, शेंडा बंद, सगळं बळ मोहोराकडे. आणि मातीत गेलं की लवकर जात नाही. ह्या मेल्याने एवढ्याशा गुलाबाला अख्ख्या कलमाचा डोस दिला होता.

मी गोदाला सगळं सांगितलं. आम्ही माती उपसली, घागरीवर घागरी ओतल्या. पण मुळांनी प्यायचं ते पिऊन झालं होतं. नवरात्रापर्यंत शेंडे मुठीसारखे आवळून बसले. पानं बारकी, पेरी एकमेकांना चिकटलेली. आणि खाली फुलंच फुलं. नुसता सडा. वाडीतल्या बायका बघायला यायच्या. वरची पट्टी तशीच उघडी, आणि त्या पट्टीतून समोर बनियन घातलेला सखाराम.

मी म्हटलं, "अज्ञानाने घातलं असेल गो." म्हटलं खरं, पण माझाच माझ्यावर विश्वास नव्हता.

गोदा पायरीवर बसली होती. एका आवळलेल्या शेंड्याची बारकी पानं चुरगाळत होती. मग म्हणाली, "काकी, जन्म गेला त्यांचा आंब्यात. त्या औषधाने काय थांबतं हे त्यांना ठाऊक नाही? म्हणजे वेल कशासाठी लावली ते त्यांना पहिल्यापासून कळलेलं होतं. मला वाटायचं, मी त्यांना फसवत्येय."

एवढं बोलून ती न्हाणीमागे जाऊन खरोखर ओकली. मी तिची पाठ चोळत होते आणि मला वाटत होतं, देवा, ह्या माणसाचा मुडदा बसव.

तुळशीचं लग्न दरवर्षी सखारामाच्या बाजूच्या वृंदावनापाशी होतं. सगळी वाडी जमते. संध्याकाळची वेळ, ऊस उभा केलेला, चिंचा-आवळे टांगलेले. गोदा विधवा म्हणून खांबाजवळ मागे उभी. फुलं मात्र सगळी तिची! मुंडावळ्या तिच्या फुलांच्या, हार तिच्या फुलांचा. ह्याला काय म्हणायचं? ज्या हाताने फुलं आणली तो हात वृंदावनाला लागायला नको. थू!

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटायला घेतला. सखाराम रंगात आला. "बघा आमचा गुलाब! आंब्याचं औषध गुलाबाला घालायचं डोकं कुणाचं? ह्या सखारामाचं!" माणसं हसली. कुणीतरी टाळीही दिली.

गोदा खांबापासून पुढे आली. डोक्यावर पदर होता, आवाजही चढलेला नव्हता.

"भावजी, फुलं तर येतच होती. औषध तुम्ही वाढ थांबावी म्हणून घातलंत. वेल तुमच्या खुर्चीच्या आणि माझ्या न्हाणीच्या मध्ये वाढत होती. ती तुम्हाला नको होती."

चुरमुरे वाटणारा हात थांबला. सखारामाचं तोंड काळंठिक्कर पडलं, पण असली माणसं लगेच सावरतात. "काय बोलतेस? चांगल्या दिवशी? अगो, मी तुझ्या बापासारखा!"

"माझा बाप कधी न्हाणीसमोर खुर्ची टाकून बसला नाही."

मग मागून एका बाईने तोंड उघडलं ते काय म्हणायला? "जाऊ दे गो, शुभकार्यात कशाला?" माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "शुभकार्य गेलं चुलीत. रोज सकाळी काय चालतं ते सगळ्यांना दिसतं. ज्याला दिसत नाही त्याने आत्ता हात वर करावा." एकही हात वर झाला नाही. पण एकानेही सखारामाला जाब विचारला नाही, हेही सांगते. प्रसाद पदरात बांधून घेतला आणि माना खाली घालून घरोघर गेले. अशा वाडीत मी राहते.

दुसऱ्या दिवशी गोदाने गवंडी बोलावला. कुणाला विचारलं नाही. चिरे उतरले, वेलीच्या मागून दोरी ताणली. सखाराम बाहेर आला नाही. भिंतीला नको म्हटलं असतं तर का नको हेही वाडीला सांगावं लागलं असतं. घराचं दार लोटलेलं, खुर्ची रिकामी.

उन्हं वर आल्यावर सावित्री आली. हातात परडी. सवयीने आली की मुद्दाम आली, देव जाणे. गुलाब फुलांनी लगडलेला होता.

गोदा म्हणाली, "वैनी, आता फुलं मिळायची नाहीत."

सावित्रीने परडी पदराखाली घेतली. गवंडी पलीकडे चिरा तासत होता. मग ती जमिनीकडे बघत पुटपुटली, "मला ठाऊक होतं गो सगळं."

"मलाही ठाऊक होतं, तुम्हाला ठाऊक आहे ते," गोदा म्हणाली. "म्हणून तर रोज फुलं तुमच्या हातात देत होते. वाटायचं, आज तरी काहीतरी बोलाल."