फौजदारीण मुजदलिफात

माझ्या बायकोचा कुणावरच विश्वास नव्हता. भोरच्या बाजारात सगळे तिला फौजदारीण म्हणायचे, आणि ते तिला ठाऊक होतं. दुकानदारानं निवडलेला तांदूळ म्हणून पिशवी दिली, तर ती तिथंच फळीवर मूठभर ओतून बघायची. "निवडलाय म्हंजे कुणी निवडलाय? माणूस दाखवा." दुकानदार हात जोडायचा. "फौजदारीणबाई, तांदूळ न्या, पंचनामा घरी करा."

वेल्हं तिचं माहेर. जन्मभर त्याच रस्त्यानं गेली, तरी एसटीत चढली की कंडक्टरला विचारायची, मग ड्रायव्हरला, मग शेजारच्या बाईला, गाडी वेल्ह्यालाच जाती ना? मी चिडलो की म्हणायची, "एकजण खोटं बोलंल. तिघं मिळून कशाला बोलतील?"

मीही सुटलो नव्हतो. बिडी सोडली म्हणून सांगितलं, तरी रोज संध्याकाळी माझ्या सदऱ्याचा वास घ्यायची. बिडी मी खरंच सोडली होती. वास घेऊन झाला की तोच सदरा स्वच्छ धुऊन वाळत घालायची.

मुलीनं पैसे भरले, म्हणून आम्ही दोघं हजला गेलो. अराफातच्या मैदानात दुआ मागत दिवस सरला आणि गाड्यांनी आम्हाला मुजदलिफाच्या मैदानात सोडलं. तिथं तंबू नाही, छप्पर नाही. लहानथोर सगळ्यांनी चटई टाकून उघड्यावर रात्र काढायची, आणि दुसऱ्या दिवशी सैतानाला मारायचे खडे वेचून ठेवायचे. मला वाटलं, ही आता रात्रभर पहारा करणार.

आमच्या जथ्यातला एकजण खड्यांची पुरचुंडी घेऊन आला. "चाची, तुमच्यासाठी वेचलेत." तिनं घेतली आणि न उघडता उशाशी ठेवली. कुठले, कुणी उचलले, काही नाही. मग पासपोर्टची पिशवी गळ्यातून काढून शेजारच्या अनोळखी बाईकडं दिली आणि आडवी झाली.

जथ्यातले म्हणाले, "बघा, कशी शांत झाली. ही जागाच तशी आहे." मला पटलं नाही. निवडलेला तांदूळ परत निवडणारी बाई खडे न बघता घेते?

"काय व्हतंय तुला?"

"काय न्हाई. दमले."

"मग पिशवी का दिली?"

"पट्टा टोचतोय. आता तुमी फौजदार झाला व्हय? निजा गप."

आजूबाजूला माणसंच माणसं झोपलेली. मी कोपरावर टेकून तिचा श्वास बघत राहिलो. जरा लांबला की हात लावायचो. ती हात झटकायची, तेवढंच बरं वाटायचं.

पहाटेची नमाज झाली. उठायला गेली आणि परत बसली. माझा दंड धरून म्हणाली, "छातीत दुखतंय. घरनं निघायच्या आधीपासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी आणलं असतं का?"

"मरायला आलीस का हितं?" अहराम, हजची वस्त्रं, अंगावर असताना भांडू नये. मी ओरडलो.

"मरायला न्हाई. यायला आले."

तिच्या वाटणीचे खडे मीच मारले. दवाखान्यात नर्सनं गोळी पुढं केली, तर हिनं खुणेनं विचारलं, कशाची? मग दुसरीला विचारलं. मग डॉक्टरला. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. राहिलेली हज तिनं चाकाच्या खुर्चीवर पुरी केली आणि भोरला परत आली. पण फार दिवस काढले नाहीत. भाताची लावणी व्हायच्या आत गेली.

भेटायला येणारे म्हणतात, नशीबवान, हाजीण होऊन गेली. मी त्यांना चहा देतो. मला तिचा राग येतो. आधी सांगितलं असतं तर वेळेवर दवाखाना झाला असता, आज इथं बसली असती, असं वाटतं. मग ती पहाट आठवते, आणि तिनं विचारलेलं. त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नव्हतं. नसतं आणलं. मुलीला फोन करून सगळं रद्द केलं असतं आणि तिला घरात निजवून ठेवलं असतं. माझ्यावरचा तिचा तो संशय अगदी बरोबर होता.